पाठीवरची पिशवी आणि पाहुण्याचे ऋण

ज्या गावात माणसाचे घर नाही, शेत नाही, सोयरीक नाही, ज्या गावातून तो केवळ वाटसरू म्हणून जातो, त्या गावाचे तो काही देणे लागतो काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. गाडीचे भाडे दिले, जेवणाचे पैसे दिले, मुक्कामाचे पैसे दिले, की हिशेब मिटला असे आपण समजतो. व्यवहाराच्या दृष्टीने तो मिटतोही. परंतु नीतीचा हिशेब व्यवहाराच्या हिशेबाहून मोठा असतो आणि त्याच्या वहीतील काही रकमा रुपयांत लिहिता येत नाहीत. त्या रकमांचा विचार आम्हाला या लेखात करावयाचा आहे.

पाठीवर मोठी पिशवी अडकवून, एखाद्या मित्राला बरोबर घेऊन, परकी शहरे आणि डोंगरातली खेडी पाहत हिंडण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. आमच्या धर्मग्रामातील दोन तरुण अशाच रीतीने थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम पाहून आले. लुआंग प्रबांग या गावी पहाटे बौद्ध भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात आणि गावकरी गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भात घालतात, ती छायाचित्रे त्यांनी आम्हाला दाखविली. त्यांतल्या एकाने मोकळेपणाने सांगितले, “फादर, भिक्षूंपेक्षा कॅमेरेवालेच जास्त होते.” हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. देणाऱ्याची जी उपासना, ती पाहणाऱ्याची करमणूक कधी होते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पण त्यासाठी इतके दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, पावसाळ्यातल्या कोणत्याही शनिवारी-रविवारी हे चित्र दिसते. मुंबई-पुण्याहून तरुणांचे जथे येतात. बारी गावातून कळसूबाईच्या शिखरावर चढतात. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातले सर्वांत उंच. कोणी रतनगडावर जातात, कोणी पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर, कोणी साम्रदच्या सांदण दरीत उतरतात. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा परिसरात झाडे काजव्यांनी लखलखतात, तेव्हा तर रात्री मोटारींची रांग लागते. काजव्याचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांना घातलेली साद असते. मोटारींच्या दिव्यांत ती साद हरवते. जे पाहावयास आलो तेच आपल्या येण्याने विझावे, हा आजच्या प्रवासाचा विरोधाभास आहे.

म्हणून हिंडणेच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रदेशातून वारकऱ्यांच्या दिंड्या जातात, जिथून हजारो भाविक सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीकडे पायी निघतात, त्या प्रदेशातला माणूस चालण्याला दोष कसा देईल? संत फ्रान्सिस झेवियर १५४५ साली मलाक्क्याला गेले आणि तेथून पुढे मोलुक्का बेटांपर्यंत पोहोचले. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे नगरला गेली, ते १८९३ साली आगगाडीतून प्रवास करीत असताना एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत, त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचे नाव टिळकांना ठाऊक नव्हते. प्रवासात माणूस माणसाला असा भेटू शकतो. तेव्हा प्रश्न प्रवास करावा की नाही हा नाही. प्रवासी कोण होऊन जातो, पाहुणा की गिऱ्हाईक, हा आहे.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना गावोगाव पाठविले, तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोघादोघांनी जावे. दुसरी, बरोबर पिशवी घेऊ नये. यांतली पहिली आज्ञा आजचे प्रवासी नकळत पाळतात, दुसरी मात्र पूर्णपणे उलटी करतात. पिशवी नको, या सांगण्यात केवळ वैराग्य आहे असे समजले जाते. आम्हाला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. ज्याच्या पाठीवर अंथरूण, शिधा, पाणी आणि दिवा आहे त्याला कोणाच्या दाराशी जावे लागत नाही. रिकाम्या हाताच्या माणसाला दार ठोठवावे लागते, दार उघडणाऱ्याच्या मनोदयावर विसंबावे लागते. पाहुणा होणे म्हणजे आपल्याला काही कमी आहे हे कबूल करणे. ते ज्याला कबूल नाही तो गावात राहूनही गावाबाहेरच राहतो.

पण या विचाराला दुसरी बाजू आहे, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. ज्या घरात दोन वेळची भाकरी कष्टाने मिळते, तिथे रिकाम्या हाताने जाऊन बसणे याला नम्रता म्हणावे की फुकटेपणा? आपल्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर म्हणीत देऊन ठेवले आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. नवल असे की, आद्य ख्रिस्तसभेच्या ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ग्रंथातही जवळजवळ हाच नियम आहे. फिरता प्रेषित एक दिवस राहावा, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा समजावा, आणि निघताना पैसे मागू लागला तरीही खोटाच. पाहुण्याकडून यजमानाची पिळवणूक होऊ शकते, हे पहिल्या-दुसऱ्या शतकातील त्या साध्या मंडळीला पुरते ठाऊक होते.

यासंबंधी आमचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. आमचे सेमिनरीतले एक मित्र दुसऱ्या धर्मप्रांतात शाळा चालवितात. एका डिसेंबरच्या आरंभी आम्ही दोघे सॅक पाठीला लावून चार दिवस अकोल्याच्या डोंगरांत हिंडलो. मित्रवर्यांचा स्वभाव हिशेबी. चहाच्या पेल्यापासून एस.टी.च्या तिकिटापर्यंत प्रत्येक खर्च ते खिशातल्या वहीत लिहितात. रतनवाडीच्या पुढे एका वाडीवर एका आजीने आम्हाला ओसरीवर बसविले, कोरा चहा दिला, नागलीची भाकरी आणि वरईच्या भाताबरोबर पिठले वाढले. निघताना मित्राने पन्नास-पन्नासच्या दोन नोटा पुढे केल्या. आजी म्हणाल्या, “भाकरीचं कुठं पैसं असत्यात व्हय, बाबा?” मित्राने त्या नोटा अंगणात खेळणाऱ्या नातवाच्या हातात कोंबल्या. आम्ही बांधापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच तो पोरगा धावत आला आणि नोटा परत देऊन गेला.

मित्र अस्वस्थ झाला. “आता हे वहीत लिहू तरी कसे? खर्च तर झाला नाही, आणि फुकट घेतले असेही लिहवत नाही.” त्या वाटेवर आमचा बराच वाद झाला. त्याचे म्हणणे, गरिबाचे अन्न मोफत खाणे हा अन्याय आहे. आमचे म्हणणे, आजींनी जे दिले ते विकलेले नव्हते. त्याला किंमत लावणे म्हणजे त्यांचे देणे नाकारणे. संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेचे विवेचन करताना कायद्याचे ऋण आणि उपकाराचे ऋण यांत भेद केला आहे. कायद्याचे ऋण वेळेवर आणि तंतोतंत फेडावे. पण उपकार फेडण्याची जो अतोनात घाई करतो तो नाखुशीचा ऋणको होय, हे सेनेकाचे मत त्यांनी मान्य केले आहे. काही काळ ऋणी राहण्यात एक सौजन्य असते. ज्याला क्षणभरही कोणाचे ऋण सहन होत नाही, त्याच्या उदारतेत अहंकार दडलेला असण्याचा संभव असतो.

दुसऱ्या दिवशी वेगळाच प्रसंग पाहिला. ज्या घरी आम्ही मुक्काम केला ते घर पर्यटकांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय करीत असे. माणशी दर ठरलेला होता. तिथे शहरातल्या सहा तरुणांची टोळी उतरली. त्यांच्या पायांतल्या एकेका बुटाची किंमत त्या घराच्या महिन्याच्या किराण्याएवढी असावी. तरीही माणशी वीस रुपये कमी करण्यासाठी त्यांनी अर्धा तास घासाघीस केली आणि ते कमी करून घेतले. रात्री शेकोटीपाशी त्यांच्यातलाच एक भारावून बोलत होता, की ही माणसे किती साधी, किती समाधानी, यांना पैशाचा मोह म्हणून नाही! घरची सून त्या वेळी त्यांची ताटे घासत होती. तिने मान वर केली नाही.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे नीतीचा एक नियम स्पष्ट होतो. जिथे विक्री आहे तिथे आधी न्याय पाहिजे. जिथे दान आहे तिथे कृतज्ञता पाहिजे. आजीच्या भाकरीला मोल लावणे जितके गैर, तितकेच त्या सुनेच्या श्रमाला पाहुणचार म्हणून स्वस्तात घेणे गैर. पहिल्यात दानाचा अपमान होतो, दुसऱ्यात श्रमाची चोरी होते. डोंगरातला माणूस पैसे मागू लागला की ‘गाव बिघडले’ असे म्हणणारे लोक शहरात आपल्या घरचे एक दालनही कोणाला फुकट देत नाहीत. पैसे घेण्याने आतिथ्य भ्रष्ट होत नाही. घासाघिशीने मात्र ते निश्चित भ्रष्ट होते.

‘समाधानी’ या शब्दाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दुसऱ्याच्या दारिद्र्याला समाधान म्हणण्याचा अधिकार पाहणाऱ्याला नाही. याच अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारांच्या आणि कंपनी सरकारच्या जुलमाविरुद्ध बंड केले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. समाधानी माणसे बंड करीत नाहीत. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे जपली, त्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते साधेपण नव्हे, ती विद्या होय. ज्या डोंगराकडे आपण देखावा म्हणून पाहतो तिथे इतिहास आणि ज्ञान वसते आहे. ज्याला ते दिसत नाही त्याने डोंगर पाहिला असे कसे म्हणावे?

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. वाडीवरून उतरताना मित्राने विचारले, “मग आपण या लोकांचे नक्की काय देणे लागतो?” रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावलेली प्रवरा समोर भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरताना दिसत होती. उत्तर तिथेच होते. प्रवरा अमृतेश्वराच्या रतनवाडीपासून निघते, अकोले आणि संगमनेरवरून वाहते, आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. भंडारद्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्या पाण्यावर कालव्यांच्या काठी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस उभा राहिला. त्या उसावर हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना चालला आणि पुढे १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आपल्या कॅथॉलिक समाजाची जुनी धर्मग्रामे याच सखल पट्ट्यात आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या उसात मजुरी केली, त्या कालव्याचे पाणी आपण प्यालो, त्या पाण्यावर आपली मुले शिकली. २०२३ साली निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यातही पाणी आले, तेही प्रवरेचेच.

आणि ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो त्यांची स्थिती काय? घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत त्याचा दहावा भागही जेमतेम पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. पाणी खाली वाहून गेलेले असते. खडकात ते थांबत नाही, आणि जिथे थांबविले ते दुसऱ्यांसाठी थांबविले. जलाशयाखाली ज्यांची भातखाचरे गेली त्यांचे वंशज आज त्याच जलाशयाच्या काठावर पर्यटकांना मक्याची कणसे भाजून विकतात.

तेव्हा वाचकहो, सखल भागातून वर चढणारा माणूस त्या गावी परका नाही आणि कोरी पाटी घेऊनही आलेला नाही. तो आपल्या धनकोच्या घरी निघाला आहे. आजींनी कोरा चहा दिला तेव्हा ऋण सुरू झाले नव्हते. ते त्याआधी कितीतरी वर्षांपासून चालत आले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात संपन्न देशांवर असलेल्या गरीब देशांच्या पर्यावरणीय ऋणाचा उल्लेख केला आहे. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे युरोप-अमेरिका येते. पण एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या दोन टोकांना, असे ऋण असू शकते हे आपल्या मनाला शिवत नाही.

आपल्या समाजाला तर हे अधिक उमजावे. आतिथ्याचा गौरव करणाऱ्या या देशात आपल्या पूर्वजांना कित्येक गावांच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते. ओसरीवर बसविणे तर दूरच राहिले. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीने कोणाला अतिथी मानावयाचे हे आधीच ठरवून टाकले होते. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाणवठ्यापासून दूर उभे राहून कोणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहिली, त्यांनी दुसऱ्या तहानलेल्या माणसाकडे केवळ छायाचित्राचा विषय म्हणून पाहावे, हे अत्यंत खेदाचे होईल.

असे पाहणे किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण पुन्हा पूर्वेकडे सापडते. ब्रह्मदेशातील यादवीमुळे कायान जमातीची काही कुटुंबे थायलंडच्या माए होंग सोन प्रांतात आश्रयास आली. त्यांच्या स्त्रिया गळ्यात पितळी कड्यांचा उंच साज घालतात. तो पाहण्यासाठी पर्यटक प्रवेशशुल्क देऊन त्यांच्या वस्तीत जाऊ लागले आणि वस्ती हेच प्रदर्शन झाले. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने उघडपणे तक्रार केली की, परदेशात पुनर्वसनाची संधी मिळालेल्या काही कायान निर्वासितांनाही देश सोडण्याची परवानगी दिली जात नाही. कायान लोकांत आपले कॅथॉलिक बंधुभगिनी पुष्कळ आहेत. तिथे तिकीट काढणाऱ्या प्रवाशाने कोणताही कायदा मोडला नाही, पैसेही चोख दिले. तरी ज्या साखळीने त्या स्त्रिया तिथे बांधल्या गेल्या, तिची एक कडी त्याच्या तिकिटाचीही होती. पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला, या समजुतीचे हे उत्तर होय.

मग प्रवाशाने करावे तरी काय? आम्हाला सुचते ते साधे आहे. ठरलेला दर पुरता द्यावा, आणि शक्यतो त्याच गावातल्या घराला द्यावा. नेलेली प्रत्येक पिशवी आणि बाटली परत खाली आणावी. माणसाचे छायाचित्र त्याला विचारल्यावाचून काढू नये. गावाचे नाव आणि यजमानाचे नाव विचारून घ्यावे, आपलेही सांगावे. ज्याचे नाव आपण विचारले नाही त्याच्या घरी आपण जेवलो असे म्हणता येत नाही. आणि जे मोफत मिळाले ते मुकाट्याने, मान लववून घ्यावे व त्याची परतफेड करण्याची संधी यजमानालाच निवडू द्यावी.

याच कामी बरोबरचा मित्र उपयोगी पडतो. मोठ्या टोळीत माणूस आपली लाज हरवून बसतो, एकटा असला की स्वतःची समजूत घालतो. दोघे असले म्हणजे एक दुसऱ्याचा साक्षीदार असतो. तरुण तोबियासला प्रवासात वाटाड्या मिळाला तो देवदूत होता हे त्याला अखेरीस कळले. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनाही आपला सोबती भाकर मोडीपर्यंत ओळखता आला नाही. पौल आणि बर्णबा तर वादामुळे एकमेकांपासून वेगळे झाले. सोबत ही सुखाची असेलच असे नाही. पण जो आपल्याला वाटेत थांबवून, ‘हे बरोबर झाले का?’ असे विचारतो, तोच सोबती होय.

त्या आजींच्या बाबतीत परतफेडीचा मार्ग अनपेक्षितपणे खुला झाला. आश्रमशाळेत बारावीला असलेल्या त्यांच्या नातीला नर्सिंगला जावयाचे होते आणि चौकशी कुठे करावी हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. नोटा परत आणणाऱ्या पोराच्या मागोमाग ती मुलगीच बांधावर आली आणि तिने आम्हाला तेवढेच विचारले. मित्राने आपल्या हिशेबाच्या वहीत तिचे आणि शाळेचे नाव लिहून घेतले, आणि प्रवेशाचे कागद मिळवून देण्याचे काम पुढे पत्राने आणि फोनने केले. वहीच्या ज्या पानावर त्या दिवसाचा खर्च यावयाचा, तिथे त्याने रक्कम घातली नाही. वाडीचे नाव लिहून पुढे ‘देणे’ एवढाच शब्द लिहिला. ते कागद पोहोचल्यावरही त्याने तो शब्द खोडला नाही. आमच्या मते त्याने योग्य तेच केले. एका मुलीचा प्रवेश ही एका नदीची किंमत नव्हे.

इब्री लोकांस पत्राचा लेखक अतिथिसेवा विसरू नका, असे सांगून पुढे म्हणतो की, तसे करताना काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला. हा उपदेश यजमानांना आहे. पाहुण्यांना आम्ही त्याचीच दुसरी बाजू सांगू इच्छितो: ज्या दारात तुम्ही उभे आहात तिथला यजमान देवाने पाठविलेला असू शकतो, आणि तुमच्या पाठीवरच्या पिशवीत असे काहीच नसते की जे त्याच्या चुलीवरच्या भाकरीची बरोबरी करील. न्यायाने द्यावयाचे ते देऊन टाकावे. उरलेले ऋण जवळ बाळगावे. आणि डोंगरातल्या वाड्यांच्या पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा प्रश्न जेव्हा ग्रामसभेत, मतदानात किंवा आपल्या देवळातल्या प्रार्थनेत येईल, तेव्हा त्या ऋणाची आठवण ठेवून आपले मत आणि आपला शब्द त्यांच्या बाजूने टाकावा.